तडा भिंतीकडे

मी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा एक जुना पत्रा आहे. खरं तर अर्धाच. त्यामुळे मित्रांनो, माझी गोष्टही मधेच तुटते. सांभाळून घ्या.

भट्टीतून निघालो तेव्हा मी जाडजूड ठोकळा होतो. दोन गरम रुळांमधून मला पुन्हा पुन्हा दाबत नेलं आणि माझा पत्रा झाला. रूळ चालवणाऱ्या मिस्त्रींचा माझ्यावर भारी जीव. हवी ती जाडी आल्यावरही त्यांनी हौसेने मला आणखी फेऱ्या दिल्या, त्याच दिशेने. "ताई, तोंड बघून घ्या यात," ते म्हणाले. ताई म्हणजे तिथल्या संशोधक. त्या हसल्या आणि मी फुगलो.

ताईंना माझी वाटी वळवायची होती, त्यांच्या वडिलांच्या पोटरीला आधार द्यायला. त्यांच्या पायातला लोखंडी आधार जिना चढताना त्यांना खाली ओढायचा. आता हलका मिळणार, असं वडिलांनी अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. त्या दिवशी ते मुद्दाम प्रेसच्या यंत्रासमोर खुर्ची टाकून बसले. साचा खाली आला, मी वाकू लागलो, आणि

कट्.

ताई खाली बघत राहिल्या. मिस्त्री उगाच हात पुसत होते. वडील तेवढे हसले. "असू दे गं, माझा गुडघाही असाच वाजतो." मग त्यांनी लोखंडाचे पट्टे आवळले. जिन्यावरून त्यांचा खणखणाट खाली जाईपर्यंत मला ऐकू येत होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

माझा दुसरा अर्धा भाग सूक्ष्मदर्शकाखाली गेला, तेव्हा कारण कळलं. माझ्यातला एकेक स्फटिक म्हणजे जणू पत्त्यांचा गठ्ठा. पत्ते एकमेकांवरून सरकले, तरच मी वाकणार. पण रुळांनी सगळे गठ्ठे एकसारखे आडवे निजवले होते. जोर सरळ वरून आला तेव्हा सरकायला कुणालाच वाव नव्हता. आणि मी चकाकत होतो.

तो अर्धा भाग पुन्हा वितळला. त्यात चिमूटभर कॅल्शियम पडलं, सगळे गठ्ठे एकसारखे निजू नयेत म्हणून. या वेळी मिस्त्रींनी एक रूळ मुद्दाम हळू फिरवला, म्हणजे गठ्ठे जरा तिरके कलतील. "यात तोंड काही दिसत नाही," ते पुटपुटले.

तो वाकला.

मी खिळ्यावर लटकलो, तुटल्या कडेजवळचा तडा सगळ्यांना दिसेल असा. परवा वडील आले, जिन्यात कुठेही न थांबता. मला का टांगलंय, असं त्यांनी विचारलं.

"विसरायला नको म्हणून, बाबा."

"मग निदान तोंड तरी फिरव बिचाऱ्याचं."

त्यांनीच मला उलटं केलं, तडा भिंतीकडे.

मायेनेच केलं, मला कळतं. पण आता समोर नुसता चुना. पाठीमागे माझाच अर्धा भाग त्यांच्या पायात चालत जातो आणि मला तो बघता येत नाही. मित्रांनो, मला ओल्या हाताने धरू नका, घासून चमकवू नका. फक्त एकदा फिरवून ठेवा. तडा दिसेल. दिसू दे. लाज माझी आहे, मी बघून घेईन.