दोन डाव्या बाह्या

मास्तरांनी दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या होत्या.

अशी चूक शिकाऊ शिंप्याने करावी, मुरलेल्या मास्तरांनी नव्हे. एकेरी कापडावर एक बाही कापली की मापाचा पुठ्ठा पालथा घालायचा, तेव्हा कुठे दुसरी उजवी निघते. मास्तर मध्येच मोबाइलकडे वळले, कालच्या सुटाच्या फोटोला किती जणांनी बदाम दिले ते पाहिलं, आणि पुठ्ठा पुन्हा तसाच सुलटा ठेवला. कापड होतं नर्सबाईंच्या दिवंगत वडिलांच्या कोटाचं. तो उसवून जाकीट शिवायचं आणि शनिवारी निवृत्तीच्या निरोपाला घालायचं, एवढीच बाईंची हौस.

बाई आल्या. मास्तरांनी मान खाली घालून सगळं कबूल केलं.

"दोन डाव्या हातांचे डॉक्टर मी पुष्कळ पाहिलेत," बाई म्हणाल्या, "बाह्या पहिल्यांदाच बघतेय." हसल्या खऱ्या, पण डोळे भरले होते. "कापड उरलंय?"

"पाठीच्या घेरातून एक बाही निघेल. एकच. तीही बिघडली तर..."

"मग आज कापूच नका. ताप कधी चढतो ते आम्ही आधी बघतो, मग औषध. हात मोबाइलकडे कधी जातो, तेवढं दोन दिवस नुसतं बघा."

मास्तरांच्या बायकोने लगेच टाचण्यांची डबी आणि रिकामी उशी पुढे केली. हात खिशाकडे गेला की उशीत एक टाचणी टोचायची, आणि का गेला ते मोठ्याने सांगायचं.

"किती वाजले बघत होतो," पहिल्या टाचणीला मास्तर म्हणाले.

"अहो, मग भिंतीवरचं घड्याळ काय शोभेला आहे?"

मन हे मोठं चलाख गिऱ्हाईक, बघा. मागतं एक, हवं असतं भलतंच; समोर उभं करून माप घेतल्याशिवाय खरं सांगत नाही. दुसऱ्या दुपारपर्यंत उशीचं साळिंदर झालं, आणि मास्तर थबकले. शिवताना टाचणी नाही, इस्त्री करताना नाही. दुसऱ्या कुणाच्या कापडासाठी का होईना, कात्री उचलली की टाचणी!

"अगं, मला कापायची भीती वाटते," ते हळूच म्हणाले. "नजर पूर्वीची राहिली नाही. चुकेन असं वाटलं की फोटो उघडतो. तिथे सगळे वा वा म्हणतात."

"मला सांगायचं होतंत."

"तू कुठे वा वा म्हणतेस?"

बायको काजं करता करता थांबली.

शुक्रवारी सकाळी शेवटचा तुकडा टेबलावर आला. मास्तरांचे वडील कापण्याआधी कापडावर तळवा ठेवून म्हणत, 'देवा, हात तुझे, चूक माझी.' ते शब्द आपल्या तोंडून कधी गळून पडले, मास्तरांना आठवेना. त्यांनी कात्री उचलली. हात खिशाकडे निघाला आणि अर्ध्यावर थांबला. त्यांनी टाचणी टोचली.

"भीती वाटतेय."

"मग भीत भीत कापा. पण कापा."

मास्तरांनी चष्मा पुसला. पुठ्ठा पालथा घातला, तळवा ठेवला, वडिलांचे शब्द म्हटले. कात्री चालली.

शनिवारी बाईंनी आधी उजवाच हात घातला. बाही नीट बसली. बाईंनी ती नाकाशी नेली आणि कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या.

त्या गेल्यावर मास्तरांचा हात खिशाकडे गेलाच. बायकोने उशी पुढे केली. मास्तर हसले, टाचणी टोचली.

"कौतुक हवं होतं."

"फार सुंदर झालंय हो," बायको म्हणाली.