सहभागी क्रमांक अकरा

"डोळ्यांची उघडझाप करा," मोबाईल म्हणाला.

कडूबाईनं गाल वर ओढले, कपाळाला आठ्या घातल्या, तोंडसुद्धा उघडून मिटलं. डोळे तेवढे हलले नाहीत. हलणार कुठून? ऊस तोडताना पातं लागून उजवा फुटला, डावा त्याच्यामागून गेला. डॉक्टरनं दोन्ही पापण्या शिवून टाकल्या त्याला नऊ वर्षं झाली.

"पडताळणी झाली नाही. दोन संधी शिल्लक."

"त्येला म्हनावं, आमच्या राणीसावरगावात बायका डोळा मारत न्हाईत," लक्ष्मीबाई म्हणाली. ही शेजारीण. कडूबाईकडं काही घडायची चाहूल लागली की हिचं सूप आपोआप या ओसरीवर यायचं.

निराधारांच्या यादीत राहायचं तर दर वर्षी आपण जिवंत आहोत हे दाखवावं लागे, आणि कडूबाईची चूल त्या यादीवरच पेटायची. गंगाखेडला बोटांचं मशीन होतं. पण पंधरा हंगाम कोयता धरलेल्या बोटांवर रेघाच उरल्या नव्हत्या. मग मोबाईलवर चेहरा दाखवा म्हणाले. आज शेवटची तारीख.

समोर संघप्रिया बसली होती. परभणीची पोर, पुण्यात संगणकशास्त्रात संशोधन करायची. आंधळी माणसं मोबाईल कसा वापरतात, कुठं अडतात, हे गावोगाव फिरून टिपायची. तिनं कडूबाईला बोलणारा मोबाईल शिकवला. कडूबाईनं तिला शिकवलं की घट्टे पडलेलं बोट काचेला कळत नाही, आधी जिभेला लावायचं. पुढं कुठल्याशा परिषदेत त्यावर टाळ्या पडल्या म्हणे.

पोरीचा एक नियम होता. काम चालू असताना बोलायचं नाही, मदत करायची नाही. "मी इथं नाहीच असं समजा, मावशी."

"मला समदेच तसे हाईत, पोरी," कडूबाई पहिल्याच दिवशी म्हणाली होती.

तरी आज तिला धीर होता. एवढी शिकलेली पोर समोर आहे. खड्डा आला तर हाक मारीलच.

"आन इकडं, मीच मिचकावते," म्हणत लक्ष्मीबाईनं मोबाईल ओढला.

"चेहरा जुळत नाही. एक संधी शिल्लक."

"बगा, मेल्यानं बराबर वळखलं!"

"गप बस गं." कडूबाईनं मोबाईल परत घेतला. "पोरी, आता काय करू?"

पेन थांबल्याचं तिला ऐकू आलं. श्वास ऐकू आला. शब्द आला नाही.

तिनं दोन बोटांनी पापणी चिमटीत धरली. वर ओढली, सोडली. वर ओढली, सोडली.

"हात चेहऱ्यावरून काढा," मोबाईल म्हणाला. आणि मग, "हयात असल्याची खात्री झाली नाही. नाव यादीतून वगळण्यात आले आहे."

फार गोड आवाज होता. आधीची दोन लेकरं गेली, म्हणून यमाला ही गोड लागू नये असं म्हणत आईनं हिचं नाव कडू ठेवलं होतं. यमानं साठ वर्षं तोंड लावलं नव्हतं.

"मावशी, मला माहीत होतं." संघप्रियाचा आवाज फाटला.

"काय?"

"हे होणार नाही ते. डोळे नसलेल्या माणसाला हे जमणार नाही, असं मी मागच्याच वर्षी सरकारी खात्याला लिहून पाठवलं. ते म्हणाले, खरंच कुणाचं अडलंय ते दाखवा."

कडूबाईनं पोरीच्या आवाजाकडं तोंड वळवलं.

"मंग आता घावलं का तुला दाखवायला?"

"हो."

"मंग रडायलीस कशाला? माझं नाव घालशील का त्याच्यात?"

"नाव घालता येत नाही, मावशी. कुणाची ओळख उघड करायची नसते. तुम्ही सहभागी क्रमांक अकरा."

"असू दे. दहा जन म्होरं हाईत की."

"उद्या मी तुमच्यासोबत तहसीलला येते. नवा अर्ज करू."

"चल की. किती दिस लागतेल?"

आता नियम नव्हता, तरी पोर वही पिशवीत घालायला लागली.

"अंगठा न्हाई घ्यायचा व्हय आज? संमतीचा म्हनून दर खेपंला घेतीस."

शाईची डबी उघडली. कागदावर अंगठा दाबला गेला.

"उमटला का?"

"उमटला, मावशी."

पोर गेल्यावर लक्ष्मीबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. "नुसता डाग पडला गं आक्का, रेघ न्हाई का काय न्हाई. आन, धुती."

"राहू दे."

पदराला शाई लागू नये म्हणून अंगठा तेवढा वेगळा धरून कडूबाई दिवेलागणीपर्यंत तशीच बसून राहिली.