त्याच पानांचे बारा डाव

कुसगावच्या गणपतीच्या मांडवात दोन टेबलं, आठ खुर्च्या आणि पत्त्यांचे दोन कॅट होते. पानं मी दोनदा मोजली. प्रत्येक कॅटात बावन्न, त्यांत चार दश्श्या. मेंढीकोटात दश्शीलाच मेंढी म्हणतात. जी जोडी जास्त मेंढ्या धरेल, डाव तिचा.

स्वराज माझा धाकटा भाऊ. तीन वर्षं तो ऑनलाइन पोकरवर कमवत होता. ऑगस्टमध्ये कायदा झाला, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झाले आणि त्याच्या ॲपवर शिल्लक काढून घ्यायचं एवढंच बटण उरलं. त्याच्या पोकरच्या ग्रुपवरचे काही जण परदेशी साइटवर गेले. “कायदा मोडून खेळायचं नाही,” म्हणत स्वराजने ग्रुपच सोडला. आता त्याला विम्यातली जोखीम मोजणाऱ्यांची परीक्षा द्यायची होती. त्यासाठी वर्षभर अभ्यास लागणार होता.

आमच्या वडिलांनी, आबांनी मात्र त्याच्यासाठी पवनानगरच्या फेऱ्यांची प्रवासी जीप चालवायचं काम ठरवून ठेवलं होतं.

“तीन वरीस नशिबावर खाल्लंस. परीक्षेत पत्ते पिसत न्हाईत.”

“मग तुम्ही मेंढीकोटात जिंकता ते?”

“त्याला डोकं लागतं!”

बयाआत्या हसली. “व्हय, पानं चांगली आली की दादाचं डोकं लय चालतं.”

“मग मोजूनच बघू,” मी म्हणाले. मी संख्याशास्त्र शिकले आहे. दोन्ही टेबलांवर एकसारखीच पानं वाटायची. आबांना जी येतील, तीच पलीकडे स्वराजला. सहा डावांनंतर दोघांनी टेबलं बदलायची, म्हणजे साथीदारांचाही फरक उरणार नाही.

आबांनी बाह्या सारल्या. “माझ्याएवढ्या मेंढ्या धर, मंग बस अभ्यासाला. एक कमी पडली तरी जीप.”

स्वराज पहिल्यांदाच माणसांसमोर बसून खेळत होता. पानं उचलली की त्याचे कान लाल व्हायचे.

“आरं, हितं मोबाईल न्हाई,” साथीदार बाजीराव म्हणाले. “तोंड लपव की जरा!”

पहिल्या सात डावांत दोघं बरोबरीत होते. आठव्याला दोघांच्याही हाती राजा-राणी-गुलामाचं एकही चित्र आलं नाही. आबा प्रत्येक हातासाठी भांडले, हुकूम लवकर संपवून बसले आणि त्यांच्यावर कोट चढला. चारही मेंढ्या गेल्या. स्वराजने त्याच पानांवर नऊ हात निमूट सोडून दिले, हुकूम राखला आणि शेवटी दोन मेंढ्या आणल्या.

आबा खुर्चीतून वळले. “ह्ये कुटं शिकलास?”

“पोकरमध्ये, आबा. तिथं दहांतल्या आठ वेळा पानं टाकूनच द्यायची असतात.”

“मंग हे आदी सांगायचं न्हाई व्हय?” आबा म्हणाले, आणि शेजारच्याला कोपराने ढोसून, “पोरगं माझं हाय,” असंही म्हणाले. पुढच्या डावात तेही हुकूम राखून खेळले.

बारा डाव झाल्यावर बयाआत्याने दोन्ही टेबलांची बेरीज मोठ्याने सांगितली. प्रत्येक टेबलावरच्या अठ्ठेचाळीसपैकी आबांच्या जोडीच्या मेंढ्या तेवीस, स्वराजच्या जोडीच्या पंचवीस.