मधाच्या झाडाचं सुतक

"जंगली झाड, एक. मालक नाही." कंपनीच्या कागदावर एवढंच होतं. खाली गावातला वडीलधारा म्हणून माझ्या सहीची जागा.

वाचायला आणि सही करायला मी साठीनंतर शिकलो. त्याआधी आम्हा बेनुआक दायाक आदिवासींचे अंगठे उमटवूनच नदीपलीकडचं रान गेलं होतं. म्हणून हा कागद मी दोनदा वाचला.

जंगली? माझ्या बापाने त्या खोडात खुंट्या ठोकल्या होत्या. त्यांवरून मी चाळीस वर्षं चढलो, मधमाश्यांना गाणं म्हणत. आमच्यात मधाचं झाड पाडणं म्हणजे माणूस मारणं. कंपनीवाल्यांनी तर करवत चालवताना विचारलंही नाही. आता ओंडके ट्रकवर चढवले होते आणि संध्याकाळच्या आत ते बंदराकडे जाणार होते.

माझा पुतण्या नांकाई गावचा मुखिया. तो म्हणाला, "काका, करून टाका सही. पडलेलं झाड काही उभं राहत नाही. साहेब जनरेटर देतायत."

"तुझा बाप असा कापला असता, तर काय घेतलं असतंस रे? पंखा?"

कंपनीचा साहेब हसला. "आजोबा, लाकूडच आहे ते."

"असू द्या. आम्ही लाकडाचं सुतक पाळतो. तुमच्या पोटात का दुखतंय?"

बायकांनी उरलेल्या बुंध्याला पांढरं कापड गुंडाळलं. मी रस्त्यावर आडवा वेत बांधला आणि त्याला पानं लटकवली. सुतक फिटेपर्यंत त्या वेतापलीकडे कोणी जात नाही.

ट्रक आला आणि वेतापाशी थांबला. चालक जेलिबान वरच्या गावचा, आमच्यातलाच. त्याने डोकं बाहेर काढलं. "कोण गेलं, आजोबा?"

"तुझ्या मागेच आहे. बघ."

तो उतरला. ओंडक्यावर हात फिरवता फिरवता त्याला खुंट्यांची भोकं लागली. त्याचा चेहरा उतरला.

"साहेब, मढं वाहायला लावताय हे आधी सांगायचं होतंत."

"तोड तो वेत! नाहीतर उद्यापासून घरी बस!"

"बसतो. पण हे घेऊन वेत ओलांडला, तर आई उंबऱ्याच्या आत घेणार नाही." त्याने इंजिन बंद केलं आणि चावी साहेबाच्या हातात ठेवली.

साहेब आळीपाळीने आमच्याकडे बघत राहिला. त्याला ट्रक चालवता येत नव्हता.

बऱ्याच वेळाने नांकाई दोर घेऊन आला. माझ्याकडे न बघताच तो ट्रकवर चढला आणि ओंडक्याला दोर बांधू लागला.

"हळू उतरव," मी म्हटलं. "चाळीस वर्षांत त्याने मला एकदाही पाडलं नाही."