नातीच्या पत्रातली अक्षरं

शिंपीकाकांचा मुलगा जपानमध्ये नोकरीला गेला, तिथेच लग्न केलं आणि तिथेच आजारपणात वारला. मागे राहिली सून आणि सात वर्षांची नात. दोन्हीकडचं बोलणं तोच एकमेकांना समजावून सांगायचा. आता ते बंद झालं.

सहा महिन्यांनी नातीचं पत्र आलं. शेजाऱ्यानं त्यावर मोबाइल धरला. "आजोबा, घोडा गार आहे," असं भाषांतर आलं. लेकराच्या अक्षरापुढे मोबाइलनंही हात टेकले होते.

काकांनी सरळ जपानीच्या वर्गात नाव घातलं. सगळी विशीतली मुलं, हे एकटे सदुसष्टचे.

बाईंनी सांगितलं, "जपानीत तीन प्रकारची अक्षरं एकत्र नांदतात. हिरागाना गोलसर, सेहेचाळीस. 'का'चं अक्षर वेगळं, 'की'चं वेगळं; आपल्यासारखी वेलांटी देऊन भागत नाही. काताकाना टोकदार, ती परदेशी शब्दांना. आणि कांजी म्हणजे चिनीतून आलेली चिन्हं. त्यांना अर्थ असतो. पेपर वाचायचा तर दोनेक हजार हवीत."

"लहान मूल कशात लिहितं?"

"आधी हिरागानात."

काकांना हायसं वाटलं. दुकानात ते खडूनं चिंध्यांवर अक्षरं गिरवत. दिसायला जवळपास सारख्या 'नु' आणि 'मे' यांनी फार छळलं. तीन महिन्यांनी बाईंच्या मदतीनं पत्र लागलं: "आजोबा, इथे थंडी आहे. मी बाबांचा कोट पांघरते." तो कोट काकांनीच शिवला होता. त्यांनी हिरागानात चार ओळींचं उत्तर धाडलं.

पुढच्या पत्रात मध्येमध्ये कांजी होत्या.

"वरच्या वर्गात गेली ना ती," बाई म्हणाल्या. "यंदा दीडशेच्या वर शिकली असेल."

काकांना जेमतेम तीस येत होत्या. नात मोठी होत होती आणि तिचं पत्र हातातून निसटत चाललं होतं. त्यातच बाईंची बदली झाली, वर्ग बंद पडला.

तिसऱ्या पत्रात प्रत्येक कांजीच्या डोक्यावर तिचा उच्चार बारीक हिरागानात लिहिला होता. आजोबांना वाचता यावं म्हणून. काकांनी चष्मा पुसला आणि बायकोला अख्खं पानभर पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. कुठे अडखळले नाहीत.

"काय म्हणतेय ती?" काकूंनी विचारलं.

"आजोबा म्हणतेय. आजी म्हणतेय. बाकीचं नुसतं वाचता येतंय गं, कळत नाही."

काकू जवळ सरकून बसल्या.

"मग परत वाचा," त्या म्हणाल्या.