मीटर कुणाच्या हातात?

नको असलेले कागद कोंबायला प्रत्येक कचेरीत एक खण असतो. घरीही असतोच, खोटं कशाला बोला! बाईंच्या टेबलाचा तिसरा खण तसा होता.

बाई म्हणजे बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यातल्या किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी. तिथे जाड पोलादी नळ्या वेल्डिंगनं जोडतात, आणि जोड आतून भरीव आहे की पोकळ, हे बघायला त्याचा फोटो काढतात. दवाखान्यात हाडाचा काढतात तसाच. फक्त इथे जड पेटीत ठेवलेला, शेंगदाण्याहून लहान असा धातूचा तुकडा असतो. त्यातून सतत किरण निघतात, आणि त्याला सगळे ‘सोर्स’ म्हणतात. भिंतीआडून हँडल फिरवलं की केबलच्या टोकाला लागलेला सोर्स लवचिक नळीतून पेटीबाहेर सरकतो आणि जोडापाशी थांबतो. फोटो झाला की हँडल उलटं फिरवायचं, तो परत पेटीत. तो बाहेर असताना आत पाऊल टाकायचं नाही. त्याला रंग नाही, वास नाही, आवाज नाही. तो बाहेर आहे की घरी आला, हे सांगणारी एकच गोष्ट, किरण मोजणारा मीटर.

त्या महिन्यात तिसऱ्या खणात एक जाडजूड पुस्तिका गेली. अकरा देशांच्या समितीनं ती पाठवली होती. या कामातली माणसं नोकरीसाठी एका देशातून दुसऱ्यात जातात. तेव्हा कोण कुठे काय शिकतं, किती दिवस शिकतं, हातानं काय करून दाखवतं हे ताडून बघावं आणि सगळीकडे सारखं शिक्षण ठरवावं, असा बेत होता. वर्षापूर्वी समितीची बेचाळीस प्रश्नांची यादी आली, तेव्हा बाईंनी चहा निवेपर्यंत उत्तरं भरून टाकली होती. आता सगळ्या देशांची उत्तरं शेजारी शेजारी छापून दुरुस्तीसाठी आली होती.

“आपलं शिक्षण उत्तमच आहे,” कारखान्याचे साहेब म्हणाले होते. “बाकीच्यांनी आपल्यासारखं करावं म्हणजे झालं!” बाईंनाही ते मनापासून पटलं होतं.

त्याच महिन्यात शेजारच्या देशातून एक नवे गृहस्थ कामावर आले. बावीस वर्षांचा अनुभव, डोक्यावर निम्मे केस पांढरे, हातात प्रमाणपत्र. त्यावर पदाचं नाव आपल्याकडे असतं तेच. सीमेलगतच्या गावात वाढल्यामुळे इथली भाषाही चांगली बोलायचे. पहिल्याच दिवशी कुणीतरी “या पाहुणे” म्हणालं आणि तेच नाव पडलं.

नवीन माणसानं आधी रिकाम्या पेटीवर सगळं काम करून दाखवायचं, असा बाईंचाच नियम होता. पण बावीस वर्षं हेच केलेल्या माणसाला ‘जरा करून दाखवा बघू’ म्हणायचं? बाईंना कसंतरीच झालं. करून दाखवल्याच्या कागदावर त्यांनी तशीच सही करून टाकली. वाचकहो, आपण तरी काय वेगळं करतो? मोठ्या माणसाला साधा प्रश्न विचारायची आपल्याला भारी लाज!

पाहुण्यांच्या जोडीला बाईंनी आपल्या सख्ख्या धाकट्या दिराला दिलं. त्याला या धंद्यात त्यांनीच आणलं होतं, शिकवलंही त्यांनीच. कारखान्यात त्याला सगळे ‘भाऊ’ म्हणत.

आठवडाभरानं, जेवणाच्या सुट्टीत, बाई फोटोंच्या वहीवर सही घ्यायला त्या खोलीकडे निघाल्या. सवयीनं हातात मीटर होता. ग्राइंडर बंद होते, सगळा कारखाना डबे उघडून बसला होता. खोलीचं जाड दार अर्धं उघडं दिसलं. वरचा लाल दिवा विझलेला होता. म्हणजे काम आटोपलं, असं बाईंना वाटलं.

दारापासून दहा पावलांवर मीटरचा काटा थरथरला. पुढच्या पावलाला तो सरकन उजव्या टोकाला जाऊन चिकटला.

क्षणभर बाईंना वाटलं, मीटर बिघडला असेल. मग दारातून आत दिसलं. दीर जोडापाशी वाकला होता. जोडावरची फोटोची फिल्म काढण्याआधी सोर्सची नळी बाजूला सारायला त्याचा हात पुढे जात होता. पाहुणे त्याच्या मागे चार हातांवर उभे होते. आणि खोलीचा मीटर दाराशेजारच्या खुंटीवर शांतपणे लटकत होता!

“बाहेर!” बाई किंचाळल्या. “हात लावू नका! दोघंही बाहेर या! पळा!”

दोघं धावत बाहेर आले. दिराचा चेहरा पांढराफटक पडला होता. बाईंनी दार लोटलं, लाल दिवा लावला, आसपासची माणसं लांब हटवली. पाहुणेही घाबरले होते, पण आता त्यांचे हात कामाला लागले. भिंतीआडून त्यांनी हँडल हळूच पुढे फिरवलं, मग मागे, मग पुन्हा पुढे. तिसऱ्या खेपेला खट्ट असा आवाज आला आणि बाईंच्या हातातल्या मीटरचा काटा खाली पडला. नळीच्या वळणावर सोर्स अडकला होता. सोर्स वळणावर अडकला तरी हँडल अडतं, आणि घरी, पेटीत आला तरी अडतंच. हाताला फरक कळत नाही.

“मीटर कुणी बघितला होता?” बाईंनी विचारलं.

दिरानं पाहुण्यांकडे पाहिलं. पाहुण्यांनी दिराकडे पाहिलं.

दोघांच्या छातीवरचे बॅज तपासणीला गेले. अंगावर किती किरण पडले ते त्यावरून कळणार होतं, पण निकाल यायला तीन दिवस होते.

ते तीन दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. जाऊबाईंना सातवा महिना होता. त्या बोलत नव्हत्या, नुसत्या नवऱ्याच्या मागेमागे फिरायच्या. सासूबाईंनी लेकाचं ताट, तांब्या, टॉवेल सगळं वेगळं काढलं.

“अहो आई, हा काही साथीचा आजार नाही,” बाई म्हणाल्या. “फोटो काढलेल्या माणसाला शिवलं तर काही होतं का? तसंच हे. त्याच्यापासून कुणालाही धोका नाही.”

“आणि त्याला?” सासूबाईंनी विचारलं. “त्याला काय होणार ते सांग ना!”

दीर खिडकीशी बसून उजव्या हाताची बोटं उजेडात धरायचा, उलटीसुलटी करून बघायचा.

“वहिनी, खरं सांगा. बोटं जातील का हो माझी? बाळाला उचलता येईल ना?”

“भाऊजी, बॅजचा निकाल आल्याशिवाय मी काही सांगणार नाही,” बाई म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. तिथे त्यांनी नळ सोडला आणि पदर तोंडाशी धरून रडून घेतलं. आपणच याला या खोलीत उभं केलं, आपणच न विचारता सही केली, आणि आता उभ्या घरानं भोगायचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी बोलावलं.

“अहवाल आजच पाठवा. परदेशी कामगाराचा निष्काळजीपणा, एवढं लिहा. त्याला परत पाठवू, विषय संपला.” मग आवाज उतरवून म्हणाले, “त्याच्या कागदावर सही तुमची आहे बाई. चौकशी वाढली तर तुमच्या नोकरीवर येईल. विचार करा.”

खरं सांगायचं तर बाईंना सुटल्यासारखं वाटलं. जागेवर येऊन त्यांनी लिहायला घेतलं. पहिली ओळ पुरी होते तोच पाहुणे दारात उभे राहिले. तीन दिवसांत माणूस वाळल्यासारखा दिसत होता.

“येऊ का? भाऊंच्या बॅजचं काही कळलं?”

“नाही. दोघांचंही नाही.”

पाहुणे समोर बसले. टेबलावरची ओळ त्यांनी उलटीच वाचली.

“लिहा बाई. माझं नाव घालायला हरकत नाही. पण एक विचारू? तुमच्याकडे हँडल कोण फिरवतं?”

“हाताखालचा माणूस. वरिष्ठ मीटर घेऊन पुढे जातो. जोखमीचं काम त्याचं.”

पाहुण्यांनी डोळे मिटले. “आमच्याकडे उलटं. केबलचा अंदाज हाताला यायला वर्षं लागतात, म्हणून हँडल वरिष्ठानं धरायचं. मीटर जोडीदाराच्या हातात. तो आधी जातो, तो दार उघडतो, मग मी. बावीस वर्षं मी मीटरवाल्याच्या मागून गेलोय. इथे आठवडाभर सोर्स घरी येत गेला म्हणून निभावलं. त्या दिवशीही मी हँडल सोडलं, दिवा बंद केला आणि भाऊंकडे बघितलं. ते दार उघडून बाजूला उभे राहिले. मला वाटलं, बघून झालं, आता बोलावतायत.”

“आणि भाऊजींना वाटलं, वरिष्ठ आहेत, त्यांना आधी जाऊ द्यावं!” बाई पुटपुटल्या. “तुम्ही निघालात, तेव्हा त्यांना वाटलं तुम्ही मीटर बघितला असेल, म्हणून ते फिल्म काढायला पुढे झाले.”

“दोघंही आपापल्या देशात पहिल्या वर्गात पास,” पाहुणे म्हणाले. “माझ्यावर खापर फोडाल तर मी जाईन. पण पुढच्या महिन्यात माझ्या जागी दुसरा येईल. त्याच्याही हातात हेच प्रमाणपत्र असेल. तोही हँडल फिरवून मीटरवाल्याची वाट बघेल. तेव्हा तुम्ही दारात असाल का?”

बाईंना पुस्तिका आठवली. त्यांनी तिसरा खण उघडला आणि पानं उलटली. प्रश्न एकोणतिसावा: ‘सोर्स परत आल्यावर मीटर घेऊन प्रथम कोण जातो? तुमच्या प्रशिक्षणात हे कसे शिकवले जाते?’

त्याखाली बाईंच्या देशाचं उत्तर छापलं होतं: ‘नेहमीप्रमाणे.’

शेजारी पाहुण्यांच्या देशाचं उत्तर होतं: ‘नेहमीप्रमाणे.’

अकरापैकी आठ देशांनी तेच लिहिलं होतं. आठ ठिकाणी आठ माणसं चहा पिता पिता हाच शब्द लिहून मोकळी झाली होती! प्रत्येकाला वाटलं, आपलं नेहमीचं तेच जगाचं नेहमीचं. दिराच्या हातावर बेतलेलं संकट त्या पानावरच छापलेलं होतं, आणि ते पान इतके दिवस बाईंच्या गुडघ्याशी पडून होतं.

बाईंनी लिहिलेली ओळ खोडली. नवा कागद घेतला. ‘दोघांचे शिक्षण वेगळे होते. ते वेगळे आहे का, हे विचारणे माझे काम होते. मी विचारले नाही. करून दाखवायला न लावता मी सही केली.’ लिहिताना नोकरीची भीती होती, आणि निकालाची तर होतीच. तरी सही करताना हात थांबला नाही.

साहेबांनी तो कागद वाचला, पुस्तिकेतलं पान वाचलं. “उत्तमच आहे,” हे आपले शब्द त्यांना आठवले असावेत. “पाठवा,” एवढंच ते म्हणाले.

दुपारी फोन वाजला. बाईंनी तो चौथ्या घंटेला उचलला.

दिराच्या अंगावर वर्षभरात चालतात त्याच्या जवळपास निम्मे किरण पडले होते, तेही दीड मिनिटात. पाहुण्यांवर त्याहून कमी. डॉक्टर म्हणाले, बोटांना धोका नाही, काही दिवस रक्त तपासत राहू. “तेवढ्यात हाक मारलीत म्हणून,” ते म्हणाले. “ती नळी हातात धरली असती, तर आज मी वेगळं बोललो असतो.”

घरी सासूबाईंनी वेगळं काढलेलं ताट स्वतःच आत नेऊन ठेवलं. जाऊबाईंनी नवऱ्याची बोटं दोन्ही हातांत धरली आणि त्या तीन दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं रडल्या.

बाईंनी बेचाळीसही प्रश्नांची उत्तरं नव्यानं लिहिली, पाहुण्यांना शेजारी बसवून. एकोणतिसाव्या प्रश्नाचं उत्तर दोन पानं झालं. समितीच्या बैठकीला पुस्तिका घेऊन दोघं एकत्र गेले. तिथे वाद खूप झाले. प्रत्येकाला आपलंच शिक्षण थोर! पण बाईंनी अडकलेल्या सोर्सची हकिकत सांगितली, तेव्हा प्रत्येकानं आपलं एकोणतिसावं उत्तर काढून पाहिलं. एक नियम त्या दिवशीच ठरला: हँडल कुणीही फिरवो, आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात स्वतःचा मीटर. आणि दुसऱ्या देशातून आलेला कितीही थोर असो, रिकाम्या पेटीवर आधी करून दाखवायचं.

बंधूंनो आणि भगिनींनो, पदाचं नाव सारखं असलं म्हणून त्यामागचं शिकणं सारखं असतं असं नाही. ते सारखं करायला देशांनी एका टेबलाशी बसायला हवं, आणि त्या टेबलाशी बसणारी माणसं तुमच्याआमच्यासारखीच, चहा पिणारी आणि विचारायला लाजणारी असतात. ती लाज सोडा. विचारा, करून दाखवायला सांगा, स्वतःही करून दाखवा!

परतल्यावर बाईंनी पहिलं काम केलं ते पक्कड घेऊन त्या खोलीपाशी जाण्याचं. दाराशेजारची मीटरची खुंटी त्यांनी उपटून काढली. भिंतीत तेवढं भोक राहिलं, आणि ते बुजवू नका, असं त्यांनी रंगाऱ्याला बजावून ठेवलं आहे.