विरजण

सुनेने पेला पुसायला फडकं उचललं, तसं जीभबाईंनी ते तिच्या हातातून काढून घेतलं.

“पुसायचा नाही. फडक्याचे धागे फेस खातात. गार पाण्यातून काढ, झटक आणि पालथा घाल.”

“आई, बारा वर्षं झाली मला या घरात.”

“म्हणूनच म्हणते, आतापर्यंत यायला हवं होतं.”

खिडकीपाशी बसलेले जीभबाईंचे यजमान, मास्तर, गालातल्या गालात हसले. सासू-सुनेच्या मध्ये पडायचं नसतं, हे त्यांना बिअर गाळण्याच्याही आधी कळलं होतं.

जीभबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खाली बिअरचा छोटा कारखाना आणि वर घर, अशा या इमारतीत त्या लग्न होऊन आल्या तेव्हा नव्या नवरीसारख्या चार दिवस गप्प होत्या. पाचव्या दिवशी सासऱ्यांनी गंमत म्हणून घोटभर बिअर चाखायला दिली. त्यांनी ती तोंडात घोळवली, गिळली आणि विचारलं, “नवी नळी बसवलीत का कुठे? रबर लागतंय.” नळी खरोखरच आदल्या दिवशी बदलली होती. त्या दिवसापासून चव घ्यायचं काम त्यांचं झालं. मास्तर बनवायचे, त्या चाखायच्या, आणि त्यांनी मान हलवल्याशिवाय एक पिंप दाराबाहेर जात नसे. कामगारांनी ठेवलेलं नाव आधी पाठीमागे चालायचं, मग तोंडावर, आणि पुढे टपालाच्या पाकिटांवरही तेच येऊ लागलं.

मग सहा वर्षांपूर्वी मास्तर वाळत चालले. पोट कशानेच ठिकाणावर येईना. घड्याळाचा पट्टा तीन भोकं आत गेला. डॉक्टर पुष्कळ झाले, शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी दुखण्यावर बरोबर बोट ठेवलं. गहू बंद, जव बंद, आणि बंद म्हणजे थेंबभरसुद्धा नाही. ज्या माणसाने सारा जन्म जवाला मोड आणून, वाळवून, उकळून त्याची बिअर केली, त्याला जवच वैरी झाले. मास्तरांनी कारखाना सुनेच्या हाती दिला आणि जेवताना आपल्या जुन्या जाड पेल्यात पाणी पिऊ लागले. जीभबाईंना तो पाण्याचा पेला रोज दिसे. पहिल्या वर्षी त्यांनी तो दोनदा फडताळात मागे सरकवून ठेवला. मास्तरांनी दोन्ही वेळा शोधून काढला.

मास्तरांना पिता येईल अशी, जवाशिवायची बिअर करायला सुनेने कंबर कसली होती. मागची खोली रिकामी करून तिने तिथे लहान टाकी बसवली. टाकी नवी, नळ्या नव्या, दळायचं यंत्र नवं. उंबऱ्याशी वेगळ्या चपला. कारखान्यातल्या कोणाला तिथे पाऊल टाकायची सोय नव्हती, कारण त्यांच्या कपड्यांवर जवाची धूळ असे. ज्वारी, राळे आणि थोडा तांदूळ, एवढ्यावर तिचं चाललं होतं. पहिली खेप ओल्या पुठ्ठ्यासारखी लागली. दुसरीला जीभबाई म्हणाल्या, “घसा खवखवला तर गुळण्या करायला बरी आहे.” सुनेने दोन्ही वेळा टाकी ओतून दिली आणि पुन्हा ज्वारी भिजत घातली.

आज तिसरी खेप होती. उकळून गाळलेला ज्वारी-राळ्यांचा रस तिने शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवला होता. कागद आला तो स्वच्छ: गव्हाचा नाही, जवाचा नाही, कशाचाच अंश नाही. म्हणून आज मास्तरांचाही पेला भरला होता. सहा वर्षांतला पहिला.

“आधी मी,” जीभबाई म्हणाल्या.

“मी कुठे धावतोय,” मास्तर म्हणाले. पण पेला त्यांनी हातात घेतला होता.

जीभबाईंनी घोट घेतला आणि डोळे मिटले. सून त्यांच्या भुवयांकडे बघत होती. डावी वर गेली की संपलं, हे तिला ठाऊक होतं. डावी भुवई जागची हलली नाही. जीभबाईंनी, कोणी सांगितलं नसताना, दुसरा घोट घेतला.

पिकल्या नासपतीचा वास. त्याच्या मागे लवंगेचा एक टोचरा कण. त्यांना तळघराची घामेजलेली भिंत दिसली, आणि तिला टेकून उभे असलेले तरुण मास्तर, बाह्या कोपराच्या वर सारलेले, चेहऱ्यावर काही न दाखवता निकालाची वाट बघणारे. ही घरचीच बिअर होती.

“छान आहे,” त्या म्हणाल्या.

सुनेने ओट्याची कड धरली. बारा वर्षांत हा शब्द तिने या तोंडून ऐकला नव्हता. ‘चालेल’ ऐकला होता, तोही मोजून दोनदा. खिडकीपाशी मास्तरांनी पेला ओठांशी नेला.

जीभबाईंची जीभ मात्र अजून कामावर होती. ज्वारीला कुठून आली नासपती? राळ्यांना कुठून? तो वास धान्याचा कधीच नव्हता.

त्या उठल्या, तीन पावलांत खिडकी गाठली आणि मास्तरांच्या पेल्यावर तळहात ठेवला. फेस बोटांतून वर आला.

“प्यालात?”

“नाही.”

“अगदी थेंबही नाही?”

“अगं, नाही म्हटलं ना.”

त्या तशाच, हात न उचलता, सुनेकडे वळल्या. “यात विरजण कुठलं घातलंस?”

“आपलंच,” सून म्हणाली. “घरचं. तुम्हीच दिलंत की वाटीभर. मला वाटलं, निदान चव तरी ओळखीची...”

तिची नजर जीभबाईंच्या तळहाताखालच्या पेल्याकडे गेली.

रसाला आंबवणाऱ्या त्या दाट पांढऱ्या यीस्टला या घरात विरजणच म्हणत. जीभबाईंच्या आजेसासूने तो शब्द लावला होता म्हणे. तळघरातल्या चिनी मातीच्या बरणीत ते चार पिढ्या जिवंत होतं आणि दर गुरुवारी त्याला पळीभर रस मिळे. जवाचा रस. पळी जीभबाईंच्या हातातली. सुनेने खोली बदलली, टाकी बदलली, चपलासुद्धा बदलल्या. प्रयोगशाळेत रस पाठवला तो विरजण घालायच्या आधीचा. तिच्या फळ्यावर धान्यांची नावं होती, पाण्याची जात होती, त्यात विरजणाचं नाव नव्हतं. धान्य नव्हेच ते. विरजण ते.

“वाटी मागितलीस तेव्हा मी विचारलंही नाही कशाला हवी,” जीभबाई म्हणाल्या. “त्याच्या आदल्याच गुरुवारी तर पळी घातली होती त्यात. माझ्याच हाताने.”

सून आधीच स्वच्छ असलेला पेला पुन्हा नळाखाली धरून उभी राहिली. पाणी नुसतं वाहत होतं.

“मला वासावरून शंका आली होती,” मास्तर हळूच म्हणाले.

“आणि बोलला नाहीत?”

ते बाहेर बघू लागले. “पोरीने दोन वर्षं घातली यात. म्हटलं, एक पेला. त्याने काय होतंय.”

“काय होतंय ते मी निस्तरलंय पहाटे चार-चारला उठून. शहाणेच आहात.” त्यांनी पेला त्यांच्या हातातून काढून घेतला. मग नळ बंद केला. “रडायचं असेल तर रडून घे, पण टाकी ओतू नकोस. खालच्या कामगारांना दे, ते गव्हाची पोळी खातात. एवढी चांगली त्यांनी या वर्षी प्यायलेली नाही.”

सून रडता रडता हसली. नाक पुसून म्हणाली, “हेच विरजण ज्वारीच्या रसावर वाढवत नेलं तर? दहा वेळा, बारा वेळा. जव धुऊन निघेल त्यातून.”

“आणि प्रयोगशाळेच्या नजरेतून एखादा कण निसटला, तर तेराव्या वेळी प्यायचं कोणी? ह्यांनी?”

“मग पाकिटातलं आणावं लागेल. कोरडं. जवावर न वाढवलेलं मिळतं.” ती थांबली. “पण आई, ही चव नाही येणार.”

“नाहीच येणार,” जीभबाई म्हणाल्या. “घासायला लाग.”

टाकी घासायला तीन दिवस लागले. नळ्या फेकून नव्या आणल्या. पाकिटातल्या विरजणाला शिंकेचाही वारा लागू नये म्हणून सुनेने तोंडाला रुमाल बांधून ते घातलं. सात आठवड्यांनी प्रयोगशाळेचे दोन कागद आले, एक रसाचा आणि एक तयार बिअरचा. दोन्ही स्वच्छ. जीभबाईंनी ते चष्मा लावून दोनदा वाचले, तारखांसकट.

मग त्या चव घ्यायला बसल्या.

बिअर गढूळसर होती. फेस वर आला आणि बघता बघता बसला. पहिल्या घोटाला भिजवलेल्या ज्वारीची चव लागली, मग गवताची, मग काहीतरी आंबूस. आणि नेमकं आता काहीतरी येईल असं वाटलं तिथे ती संपलीच. जीभबाईंनी जिभेवर सगळीकडे शोधलं. ओळखीचं कोणी नव्हतं. डावी भुवई वर गेली.

“पातळ आहे,” त्या म्हणाल्या. “शेवट तुटका आहे. फेस टिकत नाही. आणि ज्वारी जरा कमी भाजली असतीस तरी चाललं असतं.”

सून वहीत उतरवून घेत होती. तिचा चेहरा पडला नव्हता. एवढं ऐकायची तिने तयारी केली होती. “म्हणजे वाईट?”

“चांगली नाही.”

मास्तरांचा पेला भरलेलाच होता. त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. त्यांनी पेला उचलला, वास घेतला आणि एक मोठा घोट घेतला. मग दुसरा. घशातली घाटी वरखाली होताना दिसत होती. पांढऱ्या मिशीवर फेसाची रेघ उमटली, ती त्यांनी पुसली नाही. अर्धा पेला झाल्यावर ते थांबले, श्वास घेतला आणि उरलेला संपवला.

“कशी आहे हो?” जीभबाईंनी विचारलं.

“तू म्हणतेस तशीच.”

“मग?”

त्यांनी रिकामा पेला पुढे केला. “ओत.”

जीभबाईंनी पेला तिरका धरला आणि फेस फुटू न देता, काठाकाठाने, हळूहळू भरला. मास्तर खुर्चीत मागे रेलले. कितीतरी दिवसांनी ते असे पाय पसरून बसले होते.

सुनेची पेन्सिल कागदावर थांबली होती. “आई, शेवटी काय लिहू? चालेल की नाही?”

जीभबाई नवऱ्याकडे बघत होत्या. दुसरा पेलाही निम्म्यावर आला होता.

“लिही,” त्या म्हणाल्या, “टाकी लहान पडते.”